डावीकडून पाचवा

"जेवलीस का?" हा प्रश्न मी माझ्या मुलीला इतक्या वेळा विचारला आहे, की तो झिजून गुळगुळीत झाला आहे. आता खरोखर काळजी करण्यासारखं घडलंय, तर वापरायला माझ्याकडे वेगळे शब्दच उरलेले नाहीत. आज नववा दिवस. तिचा फोन नाही. शेवटचा आला तेव्हा ती म्हणाली होती, "आई, काही दिवस तू फोन करू नकोस. मीच करीन. तुझा फोन आला की मला आधी तुलाच धीर द्यावा लागतो."

यात खोटं काही नाही. तिचे बाबा तर नेहमीच म्हणतात, "पोरीला शिंक आली की रुमाल हिला लागतो." म्हणून मी फोन हातात घेते, तिचं नाव बघते आणि फोन पुन्हा पालथा ठेवते. पण ती काही डोळ्यांसमोरून हलत नाही. करड्या खोलीत, करड्या स्वेटरमध्ये, खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेली.

घरात आम्ही तिला ठिपकी म्हणतो. जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची होती. आता बत्तीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात राहते, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दीड खोलीत. काम विचाराल तर ती जुने कृष्णधवल फोटो रंगवते. तेही दोन्ही महायुद्धांतले. खंदकात चहा पिणारे सैनिक, डोलकाठीवर चढलेले खलाशी, विमानाच्या पंखाखाली सावलीत झोपलेले मेकॅनिक. संग्रहालयं आणि प्रकाशक तिच्याकडून हे करून घेतात. दिवसभर रंगांत बसणाऱ्या या मुलीच्या खोलीत रंग मात्र औषधालाही नाही. भिंती करड्या, पडदा करडा, टेबल करडं. आजूबाजूला रंग असला की नजर फसते म्हणे. मी विणलेला पिवळा स्वेटर तिने जिन्यातल्या कपाटात ठेवलाय. "आई, तो घालून मी काम केलं ना, तर सगळ्या सैनिकांना कावीळ होईल."

लहानपणापासूनचीच ही तऱ्हा. पहिलीत हत्ती रंगवायला दिला होता, तर तिने जीभ कोरी ठेवली. बाईंनी शेरा मारला, अपूर्ण. ही घरी येऊन रडली, की हत्तीची जीभ कोणत्या रंगाची असते ते मला माहीत नव्हतं, मग मी कशी रंगवणार? आजही तेच. प्रत्येक फोटोची एक वही असते. डाव्या बाजूला वस्तू, उजव्या बाजूला पुरावा. कोटाचं कापड, बटणाचा पितळी रंग, जहाजाच्या बुडाला लावलेला तेलरंग, प्रत्येकासाठी कुठलं तरी सरकारी पत्रक किंवा रंगाचा जुना तक्ता. पुरावा नसला की ती तेवढा भाग करडाच ठेवते. एका पाणबुडीवरच्या मांजराला तिने रंग दिलाच नाही. तिचे बाबा म्हणाले, "अगं, मांजर आहे ते, काळं किंवा पांढरं, उडव नाणं!" तर दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी. मग त्यांनीच माघार घेतली आणि आमचा लग्नातला फोटो तिच्यापुढे धरला. "यातले माझे केस आहेत ना, ते आत्ताच्या फोटोत आण. हा घे पुरावा."

तर केसांवरूनच सगळं झालं.

मागच्या वर्षी एका लहानशा विमान-संग्रहालयाने तिला एक फोटो दिला. दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान, त्यापुढे ओळीने उभे असलेले सात जण. फोटो काढल्यावर तीन आठवड्यांनी ते विमान गेलं ते परत आलं नाही. ठिपकीने त्यावर दोन महिने घालवले. मला रात्री फोन करून विचारायची, "आई, ओला दोर वाळला की कसा दिसतो गं?" तिने रंगवलेला फोटो दाराएवढा मोठा करून संग्रहालयात लावला. मी बघून आले. डावीकडून पाचवा सगळ्यांत लहान, शेपटाकडच्या बंदुकीवर बसणारा, एकवीस वर्षांचा. काळेभोर केस, टोपी काखेत, हसू दाबलेलं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. वाटलं, याला आत्ता हाक मारली तर वळून बघेल.

संग्रहालयाने सातही जणांच्या नातेवाइकांना एकेक प्रत पाठवली. महिन्याभराने ठिपकीला पत्र आलं. पाचव्याच्या धाकट्या बहिणीचं. या बाई चौऱ्याण्णव वर्षांच्या, जन्मभर टेलिफोन ऑपरेटर, आता ऐकू कमी येतं म्हणून पत्रंच लिहितात. ठिपकीने ते मला फोनवर वाचून दाखवलं होतं. "तुम्ही दिलेले काळे केस फार छान आहेत. पण माझ्या भावाचे केस तांबडे होते. तो गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते. ऐंशी वर्षं डोळे मिटले की मला तो दिसत असे. आता डोळे मिटले की तुमचा काळ्या केसांचा मुलगा येतो. माझा भाऊ येईनासा झाला आहे. तेवढा मला परत द्याल का?"

ठिपकीचा नियम असा, की तोंडी पुरावा धरायचा नाही. माणसं चुकीचं आठवतात. तरी तिने मूळ फोटो पुन्हा उघडला. विमानाच्या चाकाजवळ एक बादली होती. ती तिने डांबराची समजून काळी रंगवली होती. आता मोठी करून पाहिली तर तिचं बूड गोल निघालं. ती आग विझवायची बादली होती; दुसऱ्या कामाला कुणी पळवू नये म्हणून तिचं बूड मुद्दाम गोल करत. ती तांबडीच असते. पण फोटोत ती काळी का आली? तर त्या काळात एक स्वस्त फिल्म मिळायची, तिला तांबडा रंग दिसतच नसे. त्या फिल्मवर तांबडं ते सगळं काळं उमटायचं. फोटो सरकारी कपाटातून आला म्हणून ठिपकी धरून चालली की फिल्मही सरकारी, चांगल्यातली असणार. तो कुणीतरी आपल्या खिशातल्या कॅमेऱ्याने काढला होता.

"एक बादली, आई," ती म्हणाली. "एक बादली ओळखली असती तर मला सगळं कळलं असतं."

"अगं, चुकतं माणूस."

"माझं चुकलं तर चुकलं. पण त्यांचा भाऊ गेला ना!"

मग तिने दुरुस्तीला हात घातला. तांबडे केस म्हणजे नेमके कसे, हे तर फोटो सांगणार नव्हता. तिने एक छटा लावली, प्रत काढली, पोस्टाने पाठवली. उत्तर आलं, असे नव्हेत. दुसरी पाठवली. जवळ आहे, पण असे नव्हेत. "कसे होते ते सांगाल का?" असं विचारलं तर बाईंनी लिहिलं, "उन्हात उभा राहिला की आई त्याला सावलीत ये म्हणायची, तसे." याचा काय रंग काढणार? तिसरी, चौथी, पाचवी. सहाव्या प्रतीनंतर दोन ओळी आल्या. "आता पाठवू नका. माझ्याकडे आता सात मुलं झाली आहेत आणि त्यांतला एकही माझा नाही."

हे मला सांगून झाल्यावरच ती म्हणाली होती, फोन करू नकोस.

तेव्हापासून तिने नवं काम घेतलेलं नाही, हे मला खालच्या सायकलवाल्याकडून कळलं. त्याचा नंबर माझ्याकडे असतो; ते तिला ठाऊक नाही. "ताई असतात की वरच," तो म्हणाला. "दिवा असतो. पण काकू, खरं सांगू? चार दिवस कचऱ्याची पिशवीसुद्धा खाली आली नाही." पिशवी नाही म्हणजे घरात काही शिजत नाही, एवढं मला कळतं. आणि तरी मी गप्प होते, कारण माझ्याकडे देण्यासारखं होतं काय? "होईल गं सगळं नीट." तिला पुरावा लागतो.

मी अठ्ठावीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते आहे. आता आठवड्यातून दोनच सकाळी जाते. आज एक म्हातारे सुतार आले होते, आडदांड, तोंडाने फटकळ. मी सवयीने विचारलं, "काका, कसं दिसतंय?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे धूसर, दुहेरी, तिरकं?"

"बाई," ते म्हणाले, "कसं दिसतं ते सांगता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? सुनेलाच सांगितलं नसतं?"

मी हसले आणि त्यांच्या नाकावरच्या जाड चौकटीत भिंग अडकवलं. "हे बरं?" भिंग बदललं. "की हे?"

"दुसरं."

"आता? हे की हे?"

"पहिलं. नाही नाही, परत दाखवा. हां, पहिलंच."

चार मिनिटांत नंबर निघाला. ते उठून गेले आणि मी भिंगांच्या पेटीसमोर तशीच बसून राहिले. अठ्ठावीस वर्षांत एकाही माणसाने मला त्याला कसं दिसतं ते नीट सांगितलेलं नाही. आणि दोन भिंगं पाठोपाठ दाखवली की आठ वर्षांचं पोरही ठामपणे सांगतं, हे. मी त्यांना कधी सांगायला लावतच नाही. निवडायला लावते.

ठिपकी त्या बाईंना एकेक आख्खा मुलगा पाठवत होती. पोस्टाने, आठ-आठ दिवसांनी, चेहऱ्यासकट, आणि विचारत होती, हा का? आधीच्याशी ताडून बघायची सोय नाही. वर प्रत्येक नवा मुलगा जुन्या आठवणीवर जाऊन बसायचा. चेहरा दाखवायलाच नको होता. नुसत्या रंगाच्या पट्ट्या हव्यात, बोटाएवढ्या. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, त्यांच्याशेजारी बसून, एका वेळी दोन. हा की हा? त्यातला निवडलेला ठेवायचा, दुसरा बदलायचा. थकल्या की थांबायचं. शेवटी एक उरेल.

उरेलच असं नाही, हेही मला कळतं. भिंगं बदलून बदलून काही माणसांना कुठल्याच भिंगाने दिसत नाही, तेव्हा मी चौकट काढून ठेवते आणि त्यांचा हात धरते. बाईंच्या आठवणीतून तो रंग खरंच पुसला गेला असेल, तर माझ्या मुलीला ते समोर बसून बघावं लागेल. तिची शरम तेवढ्यासाठीच तिला त्या दारापर्यंत जाऊ देत नाहीये. पत्रात लिहिणं सोपं असतं. आणि मीच जर तिला तिकडे ढकललं आणि ती आणखी मोडून परत आली, तर?

संध्याकाळपासून हाच हिशेब चाललाय. हे बाजूला पडल्या पडल्या म्हणाले, "दिवा बंद कर किंवा मनातलं बोल, दोन्हींपैकी काहीतरी कर." मी सुतारांचं सांगितलं. ते उठून बसले. मग म्हणाले, "त्या बाई चौऱ्याण्णवच्या आहेत. तू आणखी किती दिवस विचार करणार आहेस?"

ती चिडेल. "आई, मी सांगितलं होतं ना," असं म्हणेल आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल. मग मी तिला एवढंच सांगेन, की पट्ट्या काप, वीस-पंचवीस, आणि चेहरा घरी ठेव. बरोबर यायला सांगितलंस तर मी इकडून थेट बाईंच्या गावी येते, नको म्हणालीस तर नाही. तिच्या शहरातून बाईंच्या गावाला जाणारी पहिली गाडी सहाला सुटते, दहापर्यंत पोचते, आणि दहाचं ऊन रंग बघायला चांगलं असतं. ती गाडी धरायची तर पट्ट्या आजच कापायला हव्यात. सव्वाअकरा झालेत. ती जागीच असणार. लावते फोन.