परत मागितलेला फोटो

माझ्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मी घरबसल्या, एक बटण दाबून मोडलं होतं.

आमच्या माण गावात तेव्हा शेतांतून कंपन्या उगवत होत्या. आम्हीही घरावर खोल्या चढवून भाडेकरू ठेवले आणि मागं पडायला नको म्हणून कॉम्प्युटर घेतला. तो मला येतो, अशी घरात समजूत होती. (समजूत मीच करून दिली होती!) त्यातच मंगलसाठी भूगावचं स्थळ आलं. मुलाचा फोटो आईनं कपाटावर ठेवला आणि मंगल ते कपाट दिवसभर पुसायला लागली, त्यावरून आम्ही काय ते ओळखलं. पाहुण्यांचा निरोप होता, मुलीचा फोटो ईमेलनं पाठवा.

आमच्याकडे मुलीचा फोटो जातो तो पाकिटातून, हळदकुंकू लावून. पसंत पडला तर निरोप येतो, नाही पडला तर फोटो परत येतो. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आधी पाकीट कुठंय विचारलं. पाकीट नसतं म्हटल्यावर त्यांनी हळदकुंकवाचं बोट थेट कॉम्प्युटरच्या काचेला लावलं. "हं, दाब आता!"

मी दाबलं.

"ग्येला?"

"ग्येला, आप्पा."

आप्पा काचेकडं बघतच राहिले. "आरं, हितंच हाय की!"

"आपला हितंच ऱ्हातो. त्यांच्याकडं दुसरा जातो."

"दुसरा कंचा? आपुन येकच काढला व्हता!"

मी समजावून सांगायला लागलो आणि निम्म्यात मलाच शंका यायला लागली.

उत्तर आलं की ते आपसूक पडद्यावर झळकणार, याची मला खात्री होती. म्हणून मी सकाळी उठलो की इंटरनेट लावायचो आणि समोर बसून राहायचो. (इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. ते चालू असलं की घरचा फोन बंद!) आठवडा गेला. उत्तर नाही, फोन नाही. मंगलनं कपाट पुसणं सोडून दिलं. तिच्याकडं बघवत नव्हतं.

शेवटी आप्पा भडकले. "न्हाई तर न्हाई! पन पोरीचा फोटू लोकांच्या घरात कशापायी ऱ्हाऊ द्यायचा? परत माग!"

"आप्पा, फोटू आपल्याकडं हाय की."

"मग त्यांच्याकडं काय हाय?"

"तोच."

"दोन घरात येकच फोटू? डोस्कं फिरलंय का तुजं? माग परत!"

मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, 'फोटो परत पाठवावा,' आणि दिलं पाठवून.

दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीतल्या देशमुखला बोलावलं. हा नांदेडचा, कंपनीत कामाला. त्याला म्हटलं, मशीनमध्ये काहीतरी अडकलंय, उत्तर बाहेर पडत नाही. त्यानं कुठंतरी एकदा टिचकी मारली.

"दादा, उत्तरं येऊन पडलीत की! तुम्ही उघडलीच नाहीत!"

पहिलं होतं, 'मुलगी पसंत आहे, बघायला कधी येऊ?' दुसरं, 'तुमचा फोन लागत नाही.' आणि तिसरं आजचं. 'फोटो परत मागितलात, म्हणजे आमचा मुलगा तुम्हाला पसंत नाही. वाईट वाटलं. फोटो परत करत आहोत.'

"मंजी नकार आपुनच दिला?" आप्पा मटकन खाली बसले.

घरात कधी आवाज न चढवणारी मंगल दारातून ओरडली, "दादा, ते मशीन बंद कर आन् गाडी काढ!"

मी मोटारसायकल काढली. मागं आप्पा, त्यांच्या खिशात खरं पाकीट, पाकिटात स्टुडिओतला खरा फोटो. भूगावला मुलाचे वडील ओट्यावरच होते. त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

"फोटू परत केला न्हवं? आता काय ऱ्हायलं?"

आप्पांनी पाकीट पुढं केलं. "त्यो मशीनीतला इसरा, पाव्हणं. ह्यो खरा. माज्या पोरानं घोळ घातला. आमाला तुमचा पोरगा पसंत हाय."

पाहुण्यांनी पाकीट हातात घेतलं. मग हळूच म्हणाले, "येक इचारू? सकाळपास्नं धा येळा परत पाठीवला तुमचा फोटू, तरी आमच्या हितनं जातच न्हाई!"

"आमचं बी तसंच झालंय!" आप्पा जवळजवळ ओरडलेच. आठवडाभरात त्यांचं दुःख समजणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता! दोघं शेजारी बसून मला शिव्या घालू लागले. चहा आला, मुलगा दाराआडून हसला आणि बघण्याचा दिवसही ठरला.

मंगलचं लग्न झकास झालं. मग घरात माझ्यासाठी मुली बघायला घेतल्या. माझा फोटो मात्र आप्पांनी मला हात लावू दिला नाही. पाकिटात घालून, हळदकुंकू लावून, स्वतः टपालात टाकला.

तो आम्ही न मागताच परत आला!