जागा पुरत नाही

सन २०२३. मी बाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटली, पण अंगठा मी कुठं उठवला नाही, सहीच केली, हे आधी सांगून ठेवतो.

बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा रायपूरला नोकरीवर, शनिवारी गाडीनं इथं आमगावला उतरायचा. म्हणजे आठवडाभर घरात दोघंच, मी आणि सून. सून नागपूरची, इंजिनेर. तिचं काम घरूनच चालायचं. मधल्या खोलीत दिवाणाच्या काठावर लॅपटॉप घेऊन बसायची. एकदा विचारलं तर म्हणाली, यंत्राचा भाग बनवण्याआधी तो किती वजनाला वाकेल, कुठं तुटेल, ते कंपुटरातच पाहून घेतात. माझी सून दिवसभर न दिसणारं लोखंड वाकवते, असं मी चौकात सांगायचो. लोक हसायचे. मी हसत नसे.

त्या दिवशी दुपारी मी घरापुढच्या छपरीत खाटेवर पडलो होतो. आत सून माझ्या मुलाशी फोनवर बोलून राहिली होती. आवाज रडवेला.

"जागाच नाही उरली. किती अडजस्ट करू? जुनं काढता येईल तेवढं काढलं, तरी पुरत नाही. आता इथून हलवल्याशिवाय काही होत नाही."

घरात जुनं म्हणजे कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि हलवायचं म्हणजे तिचं बिऱ्हाड, रायपूरला.

मनाला लागलं की माझं तोंड बंद होते, पहिल्यापासून. संध्याकाळचा चहा थंड होऊ दिला. जेवायला हाक आली तर भूक नाही म्हणालो. लाखोरीच्या डाळीचं वरण होतं, वास छपरीपर्यंत येऊन राहिला होता, तरी उठलो नाही. ही गेली तर सकाळी गोळी घेतली का, असं विचारणारं घरात कोणी उरणार नव्हतं. थांब म्हणावं, तर जीभ वळत नव्हती. आजवर कोणाला थांब म्हटलेलं नाही मी.

शेवटी ती ताट घेऊन खाटेजवळच आली. "मामाजी, काऊन जेवून नाही राहिले? माझं काही चुकलं का?"

मग निघालंच तोंडून. तिच्याकडे न पाहता म्हणालो, "धानाच्या पोत्यांची खोली उद्या रिकामी करून देतो. टेबल मांड, दार लाव, कोणी येणार नाही तिकडं. पण घर सोडून जायचं नाव काढू नको."

मी ऐकलेलं सगळं सांगितलं, तशी तिनं ताट खाली ठेवलं आणि ओढणीनं तोंड दाबून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मला रागच आला.

आतून लॅपटॉप आणून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. पडद्यावर एक पट्टी, लालभडक, काठोकाठ भरलेली. मला समजलं ते एवढं: हिशेब मोठा असतो. तो करताना कंपुटर अर्धेमुर्धे आकडे एका कप्प्यात उतरवून ठेवतो. तो कप्पा भरला की काम मध्येच बंद पडते. त्याच यंत्रात दुसरा कप्पा रिकामा होता, पण ते सॉफ्टवेअर पहिल्याच कप्प्यात जाऊन बसे. त्याला नवीन पत्ता द्यायचा, एवढंच ते हलवणं.

"आणि जुनं?"

"जुन्या फायली, मामाजी."

"मले वाटलं, मी."

आता ती हसली नाही. "तुम्हाले कोण काढते," म्हणाली, आणि वरण गरम करायला उठून गेली.

मी जेवत असतानाच तिनं पत्ता बदलून काम पुन्हा सुरू केलं. आकडे पळायला लागले. मी हात सुकेपर्यंत पाहत बसलो, थांबले नाहीत. तिचं म्हणणं, आता खोलीची गरज नाही, पोती कुठं ठेवाल, कंबर धरून बसाल. मी म्हणालो, कंपुटरचं तू पाहिलं. मी बोललो ते बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आधी, मी धानाच्या खोलीच्या खिडकीला उंदरांच्या भीतीनं ठोकलेला पत्रा उजेडासाठी उपटला, आणि पहिलं पोतं ओढत छपरीत आणलं.