पिलरवरची काचेची पट्टी

पूनम सागर सोसायटीतल्या नीलमकाकूंचा कशावर म्हणून भरवसा नव्हता. दुधाची पिशवी फोडली की आधी वास घ्यायच्या, एकाच गोळीबद्दल तीन मेडिकलवाल्यांना विचारायच्या, आणि गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरायच्या.

पण बेडरूममधल्या पिलरला तडा गेला, सोसायटीच्या इंजिनीयरने त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली, आणि काकूंचं सगळं उलटंच झालं. "काच फुटली तर तडा वाढतोय समजा. लगेच फोन करा," असं सांगून तो गेला. काकूंनी वर खिळा ठोकून पट्टीवर दत्तगुरूंची मोठी तसबीर टांगली.

"अगं, बघायला लावलीय ती!" जितेंद्रकाका म्हणाले.

"बिल्डरचा माणूस आहे तो. घरं खाली करून घ्यायला टपलेत मेले. तसबिरीला हात लावाल तर बघा!"

काकांनी लावला नाही. त्यांनाही ते बरंच वाटलं असावं.

आरती झाली की मात्र काकू प्रसादाची वाटी घेऊन वरच्या मजल्यावर संचिताकडे जायच्या. पिलर तोच, तिथेही तशीच पट्टी.

"तुझी शाबूत आहे ना गं?"

"हो हो, काकू."

संचिता तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन दारातच उभी. आत कधी बोलवायची नाही. सबब ठरलेली, कपडे पसरलेत. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. आज त्या सरळ आत घुसल्या. पिलरपुढे कपाट!

"लपवतेस होय?"

"मला बघवत नाही हो. तुम्ही रोज हसत प्रसाद आणता, म्हणजे खालची धड असणार, असं धरून चालले."

"आणि मी विसंबून बसले तुझ्या 'हो हो'वर!"

दोघींनी मिळून कपाट रेटलं. मागे पट्टीचे दोन तुकडे. काकू धडपडत खाली आल्या, तसबीर उतरवली. तिथेही तेच.

"खिळा ठोकताना फुटली असेल," काका पुटपुटले.

"आणि वरची? तिथे कोण गेलं होतं खिळा ठोकायला?"

इंजिनीयरला फोन काकूंनीच लावला, स्पीकरवर. संचिता बाळाला घेऊन त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

"आधी सगळे बाहेर पडा," इंजिनीयर म्हणाला. "आणि काकू, काच फुटली कधी? काल धड होती का?"

काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी संचिताकडे. सांगणार कोण?