घुशीने फोडलेला बांध

महाराष्ट्राच्या जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हवालदार म्हणून निवृत्त झालेला एक सैनिक आयुष्यात ज्या एकाच शत्रूपुढे पालथा पडला, त्याला शेपटी होती. ठिकाण: टेंभुर्णीजवळचा आमचा पाझर तलाव. शत्रू: घूस. मांजराएवढी.

तेव्हा मी लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये नाईक होतो. सुट्टीवर आलो होतो. सततच्या पावसाने तलाव काठोकाठ भरला होता. सकाळी सहाला मी मातीच्या बांधावरून फेरी मारत होतो. सवयच ती. बांधाखाली रशीद पिंजाऱ्याचं घर. माझा शाळूसोबती, गाद्या भरायचा. घरात अंथरुणाला खिळलेली आई. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"फौजी, बांधाच्या पायथ्याला भोक पडलंय. पाणी येऊन राह्यलं."

"स्वच्छ की गढूळ? ओव्हर."

"ओव्हर-बिव्हर ठेव घरी! चहावानी येऊन राह्यलं!"

गढूळ म्हणजे पाणी बांधाची माती आतून घेऊन निघालं. घुशीचं बीळ आरपार झालं होतं.

"अम्मीला बाहेर काढ. भोकाला हात लावू नको."

"लावला की! दगड ठोकला बराबर."

गावात भोक दिसलं की आधी दगड. पण घुशीच्या बिळाला तोंडं अनेक. दोन हातांवर दुसरी धार उसळली, पहिलीपेक्षा जाड. बीळ बुजवायचं ते पाण्याच्या बाजूने. तिथे एक लहानसा भोवरा फिरत होता. मी काठच्या बाभळीला आणि कमरेला दोर बांधून उतारावर पालथा झालो आणि हात आत घातला. बिळाने तो खांद्यापर्यंत ओढला. कसाबसा सोडवला. रिकामं पोतं कोंबलं. ते आत गेलं आणि खालच्या बाजूने बाहेर पडलं. बांधाच्या माथ्यावर बोटभर चीर गेली.

खाली शेजाऱ्यांनी अम्मीला खाटेसकट उचलून रस्त्यावर ठेवलं. रशीद वर पळत आला. डोक्यावर लाल सॅटिनची नवीकोरी गादी. मुलीच्या लग्नासाठी स्वतः भरलेली. निकाह परवावर.

"रशीद, ही?"

"दुसरं काय हाय एवढं? धर जल्दी!"

गादी भोवऱ्यावर सोडली. पाण्यानेच तिला बिळाच्या तोंडावर घट्ट चिकटवलं. आम्ही दोघं वर आडवे पडलो. शेजाऱ्यांनी मातीची पोती टाकली. खालची धार बारीक झाली. थांबली. घूस कुठल्याशा तिसऱ्याच तोंडातून निघाली आणि निवांत तुरीत शिरली.

गादी बांधातच राहिली. आम्ही खाली येऊन अम्मीला तसं सांगितलं. मी निथळत्या कपड्यांनी सावधान झालो. म्हटलं, "कामी आलेल्या गादीसाठी एक मिनिट शांतता." रशीदने खरोखर मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

आणि खाटेवरून अम्मी कडाडली:

"अरे नालायको, दूल्हा सोयेगा किधर?"