अल्बममधली लेकीची ओळ

माझा गळा स्टेजवर फाटला, तेव्हा आयोजकानं माझंच जुनं गाणं पेनड्राइव्हवरून लावलं आणि खालून खूण केली, नुसते ओठ हलवा. मी माईक ठेवला आणि उतरलो. माझ्या तरुणपणच्या आवाजाला टाळ्या पडत होत्या आणि मी मंडपामागं चपला शोधत होतो.

मग धंतोलीत गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, वरचा सूर विसरा. ढोलकवाला ऑर्केस्ट्रात गेला, कोरसवाले पांगले. त्यातला एक जाताना म्हणाला, "बाबा, आता घरीच गुणगुणा." त्याला ओळ उचलायला मी शिकवलं होतं. अजूनही तो रस्त्यात दिसला तर मी मान फिरवतो.

शाळा चौथीपर्यंतच झाली, पण गाणी माझी मीच जुळवतो. जन्मभर मुकाबल्यात गायलो. मुकाबल्यात दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एकानं गाण्यातून टोमणा हाणायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत परतवायचा. समोरच्याचं टक्कल, त्याची दारू, पळून गेलेली बायको, काही सोडायचं नाही. ताल तोडला तो हरला. दुसऱ्यांच्या घरातलं गाऊन संपलं होतं. उरल्यासुरल्या आवाजात, खालच्या सुरात, आपल्या घरातलं गावं आणि नवा अल्बम काढावा असं मी ठरवलं. बायकोचं मरण, माझा चिरलेला गळा, आणि लेक.

लेकीचं असं झालं की तिच्या नवऱ्यानं मे महिन्यात भर दुपारी तिला बाहेर काढून दार लावून घेतलं. आत कूलर चालू, ही बाहेर उन्हात, अन् सारी गल्ली खिडकीत. ऊन कलेपर्यंत ती उभी होती. मग माझ्याकडं आली ती आलीच. आता धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथं तिनं सांगून ठेवलं होतं, नवरा बाहेरगावी नोकरीला आहे म्हणून.

ते गाणं मी तिला चुलीपुढं, म्हणजे गॅसपुढंच, ऐकवलं:

लेक माही दारापुढं, उन्हामंदी उभी केली.

तिनं पोळी तव्यावरच जाळली.

"बाबा, हे गाणं नाही टाकायचं."

"काहून वं? तुयं नाव कुठी आहे त्यात?"

"नाव नाही, पण तुमाले लेक तर एकच आहे ना!"

"सगळ्यात चांगलं गाणं हेच झालं."

"माह्यावर झालं म्हणून चांगलं झालं. तुमच्यावर केलेलं पाहा कसं मिळमिळीत आहे."

ते खरं होतं, म्हणून मला राग आला. मी म्हणालो, हे नाही तर अल्बमच नाही, मग बापाचं तोंड बंद झालं म्हणून पेढे वाट. कोरसला तिच्याशिवाय माणूस उरलं नव्हतं. कोरसचं काम एकच असतं, मुख्य गाणाऱ्यानं टाकलेली ओळ जशीच्या तशी उचलायची. तिनं जळलेली पोळी काढून दुसरी टाकली. मग म्हणाली, "येते."

हुडकेश्वरला एका जुन्या बँजोवाल्यानं घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं सामान मांडलंय. भिंतींना गाद्यांचा फोम, आवाज नको म्हणून पंखा बंद. घाम गळत होता. बाकीची गाणी तिनं नीट उचलली. मग हे आलं. पहिल्यांदा मी ओळ टाकली, तिनं उचलली. दुसऱ्यांदाही उचलली. तिसऱ्यांदा मी ओळ सोडली आणि ती त्याच चालीत म्हणाली:

नवऱ्यानं एक दुपार, बापानं रोज उभी केली.

बँजोवाल्यानं मान वर केली. पेटीवरची माझी बोटं थांबली नाहीत. आयुष्यात कोणाचा जवाब ऐकून थांबलो नाही, पोरीचा ऐकून थांबणार होतो? मी लगेच हाणली:

टाकलेली कोनं घेतली? बापानंच तं घरी नेली.

श्वास घ्यायलाही ती थांबली नाही:

घरामंदी घेतली अन् चौकामंदी उभी केली.

मला पुढची ओळ सुचली नाही. सूर घेतला तर आवाज चिरकला. पेटीवर कसंबसं गाणं संपवलं.

बँजोवाला हळूच म्हणाला, "काका, मधलं कापून देतो. कोणाले समजणार नाही."

लेक ओढणीनं मान पुसत होती. "कापाचं असंन तर पुरं गाणं कापा. अर्धं ठेवान तर साऱ्याईले मीच सांगीन, बाप हरला म्हणून कापलं."

"कोन हरलं?" मी म्हणालो.

"ऐका ना मंग. लावा हो भाऊ."

त्यानं लावलं. मी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. माझा आवाज खरवडलेल्या पातेल्यासारखा येत होता, तिचा सुरीसारखा. तिच्यावर माया आली म्हणून ठेवलं असं कोणी समजू नये. समोरच्याचा जवाब मी कधी दाबला नाही. "राहू दे," म्हणालो.

अल्बम मोबाइलवर आला आणि बाकीची गाणी कोणी ऐकलीसुद्धा नाहीत. हे एकच फिरलं. दवाखान्यातही पोचलं. तिथल्या बाईनं हसून विचारलं, नवरा कोणत्या गावी असतो म्हणे? लेक म्हणाली, "गाण्यात सांगितलं ना." घरी मात्र आठवडाभर माझं ताट आपटून ठेवायची.

मग बोलावणी सुरू झाली. सगळे म्हणायचे, लेकीला घेऊन या. तिनं साफ सांगितलं, "एकदा बोलली. तेवढं बस्स." मग नरखेडकडच्या एका गावच्या कार्यक्रमाला मी एकटाच गेलो. संत्र्याच्या हंगामात दिवसाचा मंडप, पुढं बायाच बाया. मी ओळ टाकली. कोरस नव्हताच. मी स्वतःच ती पुन्हा उचलणार, तोच पुढच्या बायांनी लेकीचा जवाब उचलला, मागं साऱ्या मंडपानं. टाळ्या वाजवत, माझ्याकडं बोट करत, हसत. मी ताल सोडला नाही. माझी ओळ पुन्हा टाकली, त्यांनी पुन्हा तोंडावर मारली. त्यांचं मन भरेस्तोवर हेच चाललं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं घरी आलो. लेक दारातच होती, कामावर निघालेली.

"माही ओळ म्हटली का बायाईनं?"

"म्हटली."

"साऱ्याईनं?"

"साऱ्याईनं."

"बेस झालं," ती म्हणाली. "पुढच्या कार्यक्रमालेही जा."

आणि चप्पल घालून निघून गेली.