एका पत्त्यावरची दोन माणसं

मी आणि माझा सोबती ही दोन वेगळी माणसं नसून एकच माणूस आहे, असा निकाल काही सुशिक्षित लोकांनी एकदा एकमताने दिला होता. त्यातले काही पुण्या-मुंबईचे होते, काही परदेशातले. तेव्हा आम्ही दोघे गडचिरोलीत एका भाड्याच्या खोलीत राहून, एकाच स्टोव्हवर भात शिजवून कॉलेज शिकत होतो. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. मला मासोळीशिवाय जेवण जात नाही, त्याला तिचा वासही नको असतो. पण हे पुरावे त्यांनी मागितले नव्हते.

मला हे शांतपणे सांगायचं आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

माझं गाव वडशाजवळ. घर तळ्यातल्या मासोळीवर चालायचं आणि घरातून कॉलेजात जाणारा पहिला मीच. त्यामुळे जो लिहितो तो विचार करत असणार, असं मी अगदी मनापासून धरून चाललो होतो. गडचिरोलीत बसस्टँडच्या मागे एक सायबर कॅफे निघाला होता. मोजके संगणक, सगळ्यांना मिळून एकच जोडणी, आणि लाइन गेली की मालक पैसे परत न देता म्हणायचा, "बसून राहा ना भाऊ, येते आता." तिथे मला मराठीत चर्चा करणारं एक संकेतस्थळ सापडलं. मी सदस्यनाव घेतलं आणि आमच्याकडच्या, झाडीपट्टीतल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांवर लिहिलं. लोक ब्लँकेट पांघरून थंडीत पहाटेपर्यंत कसे बसतात, वगैरे. तीन-चार जणांनी "वेगळी माहिती, छान" असं लिहिलं. मी इतका हरखलो की खोलीवर येऊन सोबत्याला ते तोंडपाठ म्हणून दाखवलं.

मग मी रोज वाचायला लागलो आणि हळूहळू कळायला लागलं. उपासाला कुठली भाजी चालते यावर तिथे आठवडाभर भांडण चालायचं. परदेशात गेलेले थोर की इथे राहिलेले, हा वाद तर कायमचाच. संस्थळ चालवणाऱ्या संपादकांपैकी एकाची कविता कुणीतरी "ठीक आहे" म्हटली, तर त्या माणसाचं खातं बंद झालं. कारण दिलं, संस्थळाचं वातावरण बिघडवणे. ज्यांना हाकलायचं त्यांना हाकलायला नियम होते, ज्यांना ठेवायचं त्यांच्यासाठी मतस्वातंत्र्य होतं. मला वाटायचं, माझंच काहीतरी समजायचं राहत असेल. एवढी शिकलेली माणसं आहेत.

अशात एका जुन्या, मानाच्या सदस्याने गोटूलवर लिहिलं. हा गृहस्थ जीपमधून कधीतरी दोन दिवस आमच्या जिल्ह्यात येऊन गेला होता. गोटूल म्हणजे माडिया आदिवासींच्या गावातली सगळ्यांची जागा. गावाची बैठक तिथे होते, पाहुणा तिथे झोपतो, पोरं तिथे जमतात. या माणसाने तिथल्या मुलींविषयी जे लिहिलं ते मी इथे उतरवणार नाही. खाली हसण्याची चिन्हं होती. "पुढच्या ट्रिपला आम्हालाही न्या" असे प्रतिसाद होते. स्त्रियांच्या हक्कांवर एरवी लांबलचक लिहिणाऱ्या एका बाईंनी "मानववंशशास्त्रीय दृष्ट्या रोचक" असा शेरा दिला होता.

माझा सोबती माडिया. एटापल्लीच्या पुढे, सूरजागडच्या डोंगरांकडे त्याचं गाव. मी ते पान त्याला दाखवणार नव्हतो. पण त्याच कॅफेत आमच्या कॉलेजची पोरं बसायची. एकाने त्या पानाची प्रिंट काढली आणि वर्गात फिरवली. ती फिरत फिरत सोबत्याच्या बाकावर आली. त्याने सावकाश पूर्ण वाचली, घडी घातली आणि ज्याची त्याला परत दिली.

खोलीवर आल्यावर म्हणाला, "जूनमंदी माही बहीण येऊन राह्यली इथी शिकाले."

"मालूम आहे," मी म्हणालो.

"मंग? तिले हे इचारतीन पोट्टे."

मी काहीतरी म्हणालो, की लोक विसरतात.

"लोक इसरतीन. कागद नाई इसरत. तो तिथीच राह्यते." मग म्हणाला, "त्याच्या खालतं माहं उत्तर पाह्यजे. ज्यानं वाचलं त्यानं खालचंही वाचावं."

एवढंच त्याला हवं होतं. लेख काढून टाका असंही तो म्हणाला नाही.

त्याने स्वतःचं वेगळं सदस्यनाव घेतलं. मराठी तो आश्रमशाळेत शिकला होता. टंकलेखन मी त्याला दाखवलं, पण शब्द त्याचेच होते, मी एकही बदलला नाही. बरेच दिवस तो कॅफेत जाऊन थोडं थोडं लिहीत होता. मध्येच लाइन जायची आणि लिहिलेलं पुसलं जायचं. तो पुन्हा पहिल्यापासून लिहायचा.

त्या उत्तरात त्याने चिडून काहीच लिहिलं नव्हतं. त्यांच्या गोटूलासाठी प्रत्येक घराने एक खांब दिला होता, आपल्या घराचा खांब कोणता हे त्याने सांगितलं. मुली नाचायला येतात आणि झोपायला आपापल्या घरी जातात, हे सांगितलं. मग बैठक कशी होते ते. कुणी कुणाच्या मागे काही बोललं असेल, तर त्याला सगळ्यांच्या मधात बसवतात आणि जे मागे बोलला तेच, तेवढंच, त्या माणसाच्या तोंडावर पुन्हा बोलायला लावतात. बहुतेकांना अर्ध्यात थांबावं लागतं. तसं झालं की भांडण पुढे चालवायची गरज उरत नाही. शेवटी त्याने लेखकाला लिहिलं होतं, "भाऊ, तुम्ही आमच्या गावी या आणि हे बोलून दाखवा."

उत्तर एक संध्याकाळ तिथे होतं. आम्ही दोघांनी ते संगणकावर शेजारी बसून पाहिलं. कॅफेवालाही मागे उभा राहून वाचून गेला आणि म्हणाला, "मस्त लिवलं ना बे."

दुसऱ्या दिवशी उत्तर नव्हतं. त्याचं खातं बंद, माझंही बंद. मूळ लेख होता तसाच, हसण्याच्या चिन्हांसकट. त्यावर सूचना लावली होती, "हा धागा वाचनमात्र करण्यात आला आहे." म्हणजे लेख आणि खालचे प्रतिसाद वाचा, पण आता कुणी काही बोलायचं नाही.

मी संपादकांना पत्र लिहिलं. फार अदबीने लिहिलं, आता आठवलं की अंगावर काटा येतो. उत्तर आलं. दोन्ही खाती एकाच इंटरनेट पत्त्यावरून वापरली जातात. दोन्ही सदस्य समोरच्याला "भाऊ" म्हणतात. आणि गडचिरोलीसारख्या ठिकाणाहून दोन सदस्य यावेत हे संशयास्पद आहे. सबब एकाच व्यक्तीने दोन नावं घेऊन संस्थळाची फसवणूक केली, असं संपादक मंडळाचं एकमत झालं आहे. मूळ लेखाबद्दल लिहिलं होतं की मत पटलं नाही तरी त्याचा आदर करायला शिकावं.

एका गावात एक कॅफे असू शकतो आणि तिथून निघणारं प्रत्येक अक्षर एकाच पत्त्यावरून जातं, हे संगणकात आयुष्य काढलेल्या माणसांना सुचलं नाही. आमच्याकडे कंडक्टरपासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांना भाऊ म्हणतात, हे त्यांना माहीत नसणार, ते मी सोडून देतो. पण तिसऱ्या कारणाला काय म्हणावं? आमच्या जिल्ह्यात लिहिणारा एक माणूस असू शकतो, इथपर्यंत त्यांची कल्पना ताणून पोचली होती. दोन म्हटल्यावर ती तुटली. मी ते पत्र सोबत्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याने विचारलं, "मंग आपल्यातला खोटा कोन?"

थंडीत त्या मंडळातला एक संपादक मित्रांसोबत जंगल बघायला आलापल्लीला आला. माझी पत्रं थांबली नव्हती, म्हणून त्याने कळवलं होतं की भेटा, शहानिशा करू. आम्ही सकाळच्या बसने गेलो. तो हॉटेलच्या बाहेर खुर्चीवर बसला होता. खिशाखिशाचं जाकीट, गळ्यात दुर्बीण. माणूस वाईट नव्हता, हेच मला जास्त लागलं.

"अरे, तुम्ही खरंच दोघं आहात की!" तो मोठ्याने हसला आणि आतल्या मित्रांना हाक मारून आम्हाला दाखवलं. एकाने फोटो काढला.

"उत्तर परत लावान ना, भाऊ?" सोबत्याने विचारलं.

"खाती सुरू करतो आज-उद्या. उत्तर मात्र डिलीट झालं. तुम्ही पुन्हा लिहा ना! फक्त थोडं हलकंफुलकं. आणि फोटो टाका, फोटोंशिवाय लोक वाचत नाहीत." मग तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बरं, आम्हाला एखादं गोटूल बघता येईल का? संध्याकाळचं?"

"पाहता येईन ना," सोबती म्हणाला. "पन पहिले गावाले इचारा लागते. सारे बसतीन. तुमी मधात बसान. आन तुमच्या पानावर जे लिवून हाये, ते तुमी त्याईले मोठ्यानं वाचून दाखवान."

"मी कुठे लिहिलंय? ते एका सदस्याचं मत आहे."

"लिवलं त्यानं. ठेवलं तं तुमीच ना?"

संपादकाने दुर्बीण हातात घेतली, तिच्या काचा रुमालाने पुसल्या आणि जीप अजून कशी आली नाही, म्हणून आत विचारायला गेला. तो बाहेर येईपर्यंत आम्ही थांबलो नाही.

खाती सुरू झाली. स्वागताचा संदेशही आला: गैरसमज दूर झाल्याचा आनंद आहे. धागा वाचनमात्रच राहिला, त्यामुळे उत्तर लावायला जागा नव्हती. मी पुन्हा तिथे काही लिहिलं नाही. ज्यांच्या शाबासकीचे तीन शब्द मी पाठ केले होते, ती माणसं एवढीशी होती, हे समजायला मला वर्ष लागलं.

जूनमध्ये सोबत्याची बहीण आली. येण्याआधी त्याने तिला सगळं सांगितलं होतं, त्या पानावर काय आहे ते शब्दशः. त्याला भीती होती की ती येणारच नाही. ती ट्रंक घेऊन एसटीतून उतरली आणि पहिलं विचारलं, "कोन हाये तो प्रिंटवाला?"

तिला शोधावं लागलं नाही. नापास होऊन तो पुन्हा पहिल्याच वर्षाला बसला होता, तिच्याच वर्गात. पहिल्या पंधरवड्यातच तास सुटल्यावर त्याने तो कागद काढला आणि मागच्या बाकावरून तिला हाक मारली. आम्ही दोघे व्हरांड्यात तिची वाट बघत उभे होतो. सोबती आत जायला निघाला. तिने त्याला हातानेच दारात थांबवलं आणि ती त्या बाकाजवळ जाऊन उभी राहिली.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं. मी आयकून राह्यली."

पोरं हसली. तो उभा राहिला, हसत हसत वाचायला लागला. ती त्याच्याकडे बघत होती. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज खाली आला. तिसरी ओळ मुलींविषयीची होती. तिथे तो थांबला, कागदाकडे बघत राहिला, मग इकडेतिकडे. कुणी हसलं नाही.

"सरलं?" तिने विचारलं.

तो कागदाची घडी घालायला लागला.

"बाकीचं घरी जाऊन वाच. मायसमोर," ती म्हणाली आणि दप्तर घेऊन आमच्याकडे आली.