वासुदेवभाऊंचा कान

वासुदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होतो. वरठीच्या पोलाद कारखान्यातला एक ओळखीचा कामगार बोलत होता. सकाळी अंघोळीचं पाणी काढायला उठले, छातीत कळ आली, भंडाऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं... दुपारी तीनला नेणार आहेत, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मी व्हरांड्यात उभा राहिलो. आत मुलांचा दंगा सुरू झाला होता. त्या वेळी माझ्या मनात जे पहिलं आलं, ते दुःख नव्हतं. आता त्यांना सांगावं लागणार नाही, असं मला वाटलं. क्षणभर सुटल्यासारखं झालं. हे आधीच लिहून टाकतो, कारण नंतर लिहायचा धीर राहील की नाही, माहीत नाही.

वासुदेवभाऊ मोटारसायकल मेकॅनिक होते. मूळ करडीच्या धानकरी घरातले. भावाकडे शेती सोपवून तरुणपणीच वरठीला आले आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी एका खोलीचं दुकान टाकलं. मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. कारखान्याची पाळी सुटली की कामगारांच्या गाड्या दुकानापुढे लागायच्या. कुणाची चेन सैल, कुणाचा ब्रेक लागत नाही. त्यांचं रोजचं काम असंच होतं. माझी गाडी मात्र वेगळी होती. नागपूरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून मी हौसेने घेतलेली जुनी जपानी गाडी, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, मोठी टाकी, पुढे काच, दोन सिलिंडर आणि त्यांना पेट्रोल-हवा पुरवणारे दोन कार्बोरेटर. वय माझ्या नोकरीहून जास्त. घेतली तेव्हापासून ती थांबल्या जागी थरथरायची, हँडल धरून हात बधिर व्हायचे. नागपुरात दोघातिघांनी हात वर केले. कुणीतरी म्हणालं, वरठीला एक म्हातारा आहे, त्याला दाखवा.

मी पहिल्यांदा गेलो त्या दिवशी त्यांनी गाडीला हातही न लावता ती नुसती चालू ठेवायला सांगितली आणि बाजूला उकिडवे बसले. मग एअर फिल्टर काढला. हातभर लांबीची रबरी नळी घेतली, एक टोक डाव्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, दुसरं कानात. डोळे मिटले. मग उजव्या कार्बोरेटरशी. पुन्हा डाव्या. हवा आत ओढली जाताना बारीक सूं असा आवाज होतो, तो दोन्हीकडे सारखा लागला पाहिजे, हे मला त्यांनीच नंतर समजावलं.

"गुर्जी, चिखलणीले दोन बैल जुपले," ते म्हणाले, "त्यातला एक ओढून राहिला अन् दुसरा नुसता संगं चालून राहिला. मंग औत थरथरन नाई तं काय करन?"

दोन्ही कार्बोरेटरच्या मधे स्प्रिंग लावलेला एक छोटा स्क्रू असतो. तो त्यांनी केसभर फिरवला, ऐकलं, पुन्हा केसभर. अर्धा तास हेच चाललं. आणि मग एका क्षणी गाडीचा आवाज बदलला. तो कमी झाला नाही, एक झाला. मी चक्कर मारायला निघालो तेव्हा ते मागे बसले. करडीच्या रस्त्याला दोन्हीकडे रोवणी झालेली धानं उभी होती. आरशात एरवी सगळं पुसट हलायचं. त्या दिवशी मागून येणारी सायकल, तिच्यावरचा माणूस, त्याच्या डोक्याचा दुपट्टा, सगळं आरशात स्वच्छ दिसलं. मी वळून सांगणार होतो, पण भाऊ डोळे मिटून बसले होते. ऐकत होते. 

त्यानंतर सात-आठ वर्षं ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गेली नाही. दर पावसाळ्यानंतर मी वरठीला जायचो, ते नळी काढायचे. काम संपलं की शकुनवहिनी, त्यांच्या पत्नी, आतून चहा आणायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. हळूहळू नागपूर, गोंदियाहून माझ्यासारखे जुन्या गाड्यांचे हौशी लोक त्यांच्याकडे येऊ लागले. वरठीच्या त्या एका खोलीपुढे असल्या गाड्या उभ्या पाहून कारखान्याचे कामगार थबकायचे. अशा दिवशी भाऊंच्या अंगात धुतलेला शर्ट असायचा.

आता ती गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आम्ही काही मित्रांनी गाड्यांवर नवेगाव बांधच्या तलावावर जायचं ठरवलं. भाऊंनी आदल्याच आठवड्यात गाडी लावून दिली होती. निघायच्या दिवशी पहाटे मला वाटलं, उभ्या जागी इंजिन जरा जास्त पळतंय. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ पाहून मी स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. म्हटलं, एवढं तर आपल्यालाही जमतं. पेचकस घेतला आणि फिरवला तो नेमका दोन्ही कार्बोरेटरच्या मधला स्क्रू. गाडी खोकायला लागली तसा घाबरून उलटा फिरवला. किती फिरवला होता, आठवेना. अंदाजाने आणून ठेवला आणि निघालो. लाखनीपर्यंत हात बधिर झाले, गाडी दम टाकायला लागली. मित्र थांबले, हसले. या गाडीचं कौतुक मी त्यांना इतकं ऐकवलं होतं की ते हसणारच. दोघे माझ्यासोबत परत फिरले आणि आम्ही तसेच वरठीला आलो.

रविवार होता. दुकानापुढे कारखान्याची सात-आठ माणसं बसलेली. भाऊ कुणाचं तरी चाक काढत होते. मला पाहून हसले, म्हणाले, "काहून जी गुर्जी, वापस आले?" वाटेत मित्रांनी केलेली थट्टा माझ्या अंगात होती. मी गाडी स्टँडवर लावली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "भाऊ, आता वय झालं तुमचं. कान गेले. नसेल जमत तर सांगायचं, लोकांच्या गाड्या कशाला बिघडवता?"

 भाऊंनी चाक खाली ठेवलं, फडक्याने हात पुसले. नळी आणली. डावीकडे लावली, उजवीकडे लावली. बराच वेळ ऐकलं. मला वाटत होतं, आता ते विचारतील, कुणी हात लावला होता का याले? विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "हो जी. फरक हाय. डावा भारी हाय, तोच ओढून राहिला. माह्याच हातून राह्यलं असन."

त्यांनी गाडी पुन्हा लावून दिली. एरवी अर्ध्या तासाचं काम, त्या दिवशी दोन तास लागले. प्रत्येक वेळी समाधान झाल्यासारखं वाटायचं आणि ते पुन्हा नळी कानाशी न्यायचे. गाडी पहिल्यासारखी झाली. मित्र म्हणाले, म्हाताऱ्याला बोलावंच लागतं कधीकधी. मी मान हलवली.

पुढच्या शनिवारी मी मनाशी ठरवून वरठीला गेलो. सांगून टाकायचं. शाळेत मी पोरांना, चूक झाली तर उभं राहून कबूल करा, असं शिकवतो. भाऊ दुकानात एकटेच होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "गुर्जी, पुढच्या टायमाले गाडी नागपूरले दाखवत जा. माह्या कान आता भरवशाचा नाई राह्यला."

"तसं काही नाही हो, भाऊ," मी म्हणालो. एवढंच म्हणालो... चहा पिऊन परत आलो.

काही महिन्यांनी त्यांनी एक यंत्र केलं. माणसाच्या उंचीची लाकडी फळी, तिच्यावर सलाइनची पारदर्शक नळी वर-खाली वळवून ठोकलेली, नळीत तेल. दोन टोकं दोन सिलिंडरना जोडली की ज्याची ओढ जास्त, त्या बाजूला तेल चढतं. दोन्हीकडे सारखं आलं की गाडी लागली. काम अगदी नेटकं होतं, मागे पट्टीने आखलेल्या रेघा. "आता कानाचं काम नाई," त्यांनी मला दाखवलं, "तेल काई खोटं बोलत नाई." मी फळीकडे पाहत राहिलो. त्यांना माझ्याकडून शाबासकी हवी होती, ती मी दिली. नंतर नागपूरची माणसं त्या फळीचे फोटो काढून नेत. रबरी नळी मला पुन्हा कधी त्यांच्या हातात दिसली नाही.

सांगायच्या संधी किती आल्या, ते मोजण्यात अर्थ नाही. मध्ये एकदा ते भंडाऱ्याला कान तपासून आले. डॉक्टरांनी वयाच्या मानाने उत्तम आहेत म्हटलं. तरी त्यांचा विश्वास बसला नाही. डॉक्टर मन राखायला बोलले असतील, म्हणाले. शेवटचे भेटलो ते जाण्याच्या पंधरा दिवस आधी. मी निघत होतो, गाडीवर बसलोही होतो. ते जवळ येऊन म्हणाले, "गुर्जी, त्या रोजी, लाखनीवरून वापस आले तवा... डावा भारी होता का उजवा? मले आठोत नाई." तीन वर्षं हा माणूस तेच उगाळत होता. मी म्हणालो, "मलाही नाही आठवत, भाऊ." मला आठवत होतं. डावा.

अंत्ययात्रेत मी मागे मागे चाललो. तेरवीला जेवून आलो. पुढचे काही आठवडे वरठीवरून जाताना दुसरीकडे पाहिलं. शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर गेलोच. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. वहिनी आतल्या खोलीत मोहरी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. पेचकस, लाखनी, रविवार, सगळं. त्या निवडत होत्या ते थांबलं नाही. माझं संपल्यावर सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "हे त्याईले सांगा लागत होतं, गुर्जी."



"मले सांगून काय फायदा," त्या पुढे म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चार लोकाईत बोलले होते तुमी. तं चार लोकाईतच सांगा." म्हणून हे इथे लिहितो आहे. त्या रविवारी दुकानापुढे बसलेल्यांपैकी कुणी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचत असेल तर त्याने वाचावं, बाकीच्यांना सांगावं. वासुदेवभाऊंनी माझी गाडी बरोबर लावली होती. स्क्रू मी फिरवला होता.

मी उठलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, थांबा. त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यातलं चावीचं जुनं घड्याळ दाखवलं. टिकटिक अगदी बारीक. त्या रविवारनंतर भाऊ रोज सकाळी, रस्ता जागा व्हायच्या आधी, या घड्याळाची चावी फिरवून समोर उभे राहायचे. आधी दोन पावलांवर, मग चार. ऐकू आलं की एक पाऊल मागे. "शेवटी भिंत आली," वहिनी म्हणाल्या. "तिथूनबी ऐकू ये त्याईले. मंग मले विचारत, शकुन, घड्याळ ऐकू येते, तं मंग गाडी काहून नाई ऐकू आली?"

समोरच्या भिंतीच्या चुन्यावर, डोकं टेकतं तेवढ्या उंचीवर, खोबरेल तेलाचा गोल डाग पडलेला होता. वहिनींनी शटर खाली ओढलं, मागचं दार लावलं, घड्याळाला चावी दिली. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो, त्या डागावर डोकं टेकवलं. माझं वय त्यांच्याहून वीस वर्षांनी कमी. डोळे मिटले. बराच वेळ उभा राहिलो.

"येऊन राह्यलं ऐकू?" वहिनींनी विचारलं.

"नाही, वहिनी," मी म्हणालो.